अमेरिकेचा पश्चिम भाग बघायला जाताय? आधी पाण्याचा हिशोब लावा (खान्देशी माणसासाठी गाईड)

आमच्याकडे साक्री, धुळे, शिरपूर कुठेही बघा, बऱ्याच घरातली पोरं आता अमेरिकेत आहेत, आईवडील चारसहा महिने जाऊन येतात, आणि फिरायचा प्लॅन सगळ्यांचा एकच असतो. लास वेगास, ग्रँड कॅन्यन, हॉलिवूड, चार दिवसात सगळं, फोटो काढले की परत. मी पण पहिल्या वेळी असंच केलं आणि खरं सांगतो काहीच कळलं नाही, नुसते डोंगर आणि रस्ता. दुसऱ्या वेळी पोरीकडे अल्बुकर्कीला, म्हणजे न्यू मेक्सिको राज्यात, चार महिने राहिलो तेव्हा नीट बघितलं. हा सगळा भाग पाण्यावर चालतो भो. कोण कुठे राहतं, कोणाला किती जमीन, कोणाचं भांडण कोणाशी, सगळं पाण्यावरून. आणि पाण्याच्या नजरेने जमीन बघायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, तीच तिथे वापरायची.

जायच्या आधी मोबाईलवर मॅप उघडा, सॅटेलाईटवाला, आणि कॅन्सस राज्यात डॉज सिटी नावाचं गाव शोधा. तिथून 100 अंश पश्चिम रेखावृत्त जातं. त्याच्या उजव्या बाजूला हिरवं दिसेल आणि डावीकडे सरकत गेलात की पिवळं, मग तपकिरी. ढोबळ मानाने या रेषेच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊस 20 इंचाच्या म्हणजे 500 मिलिमीटरच्या आत, उंच डोंगर आणि समुद्राकडची वरची पट्टी सोडून. शिंदखेड्याच्या माणसाला 500 मिलिमीटर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आता झूम करा, गोल गोल शेतं दिसतील, ताटं मांडल्यासारखी. मधोमध पाणी येतं आणि त्याच्याभोवती चाकांवरचा लांबलचक पाईप फिरतो, म्हणून शेत गोल. गोल ज्या चौकोनात बसतो तो साधारण 160 एकरांचा असतो, कारण 1862 च्या होमस्टेड कायद्यात सरकारने एका कुटुंबाला 160 एकर देऊ केले होते.

पण पूर्वेकडे पावसावर पिकणारे 160 एकर आणि इकडचे 160 एकर सारखे कसे असतील? हे सांगणारा माणूस होता जॉन वेस्ली पॉवेल, यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता, तरी 1869 ला होड्या घेऊन कोलोरॅडो नदीतून अख्खा ग्रँड कॅन्यन पार केला. 1878 ला त्याने रिपोर्ट दिला की इथे पाणी असेल तर 80 एकर पुरेत आणि नुसतं चराऊ रान असेल तर 2,560 एकर लागतील. म्हणजे बागायत आणि कोरडवाहू, आपल्या साताबाऱ्यावरची भाषा! तेव्हाच्या संसदेने ते काही मान्य केलं नाही.

पाऊस का नाही, तर पर्जन्यछाया. इगतपुरीला धो धो पडतो आणि मालेगावला ढग नुसते वरून निघून जातात, तेच मोठ्या मापात. वॉशिंग्टन राज्यात समुद्राकडच्या हो नावाच्या जंगलात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि डोंगर ओलांडून याकिमाला गेलं की 200. तरी याकिमाला सफरचंदाच्या बागा आहेत, कारण डोंगरावरचा बर्फ वितळून पाटाला येतो. आपली धरणं पावसाळ्यात भरतात, त्यांचं मोठं धरण म्हणजे बर्फच, हिवाळ्यात साठतो आणि उन्हाळ्यात उतरतो.

अंतराचा अंदाज आधी दुरुस्त करून घ्या, इथे सगळेच चुकतात. नेवाडा राज्य जवळपास महाराष्ट्राएवढं, आणि 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 31 लाख. एकट्या जळगाव जिल्ह्यात 2011 ला 42 लाख होते! त्या 31 लाखांतले दोन तृतीयांशपेक्षा जास्त लास वेगासच्या आसपास, आणि नेवाड्याची साधारण 80 टक्के जमीन केंद्र सरकारची. म्हणून एका ट्रिपला एकच तुकडा घ्या. माझं मत विचाराल तर न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटाचा दक्षिण भाग. सिॲटल आणि ग्रँड कॅन्यन एकाच आठवड्यात बसवू नका, नुसती गाडीत झोप होते.

महिना एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. आपण 45 डिग्री बघितलेली माणसं, आपल्याला काय ऊन, असं मनात आणू नका. 2023 ला फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता आणि आपल्याकडे जसं दर दोन किलोमीटरला टपरी, हापसा, निंबाची सावली मिळते तसं तिथे काही नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये तर उलटा प्रकार, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, आणि खाली जावं तसं ऊन वाढतं. दक्षिण कड्याची उंची 2,100 मीटर, तोरणमाळच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे कड्यावर गार वाटतं आणि लोक फसतात. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायच्या भानगडीत पडूच नका, तिथल्या पाट्या पण हेच सांगतात. बीपीवाल्यांनी पहिले दोन दिवस नुसतं बसून बघावं.

गाडीत पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. युटात आय-70 हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना 170 किलोमीटर पंप नाही, हॉटेल नाही, काही नाही, तशी पाटी पण असते. आम्ही ती पाटी वाचली आणि जावईबापू म्हणाले पुरेल. पेट्रोल पुरलं, पण टायर बसला. स्टेपनी लावेपर्यंत पाऊण तास गेला, गाडीत चार माणसात अर्धी बाटली पाणी, आणि मोबाईलला रेंज नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने स्वतःहून थांबून पाण्याची कॅन दिली, पैसे घेतले नाहीत. तिकडची माणसं अशी आहेत, लांब लांब राहतात पण रस्त्यावर अडलेल्याला सोडून जात नाहीत. तेव्हापासून माणशी चार लिटर पाणी डिकीत, मॅप ऑफलाईन, आणि डब्यात बिबडे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या.

जुलै ते सप्टेंबर ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत पाऊस येतो, त्याला ते लोक पण मान्सूनच म्हणतात. कोरड्या नाल्यात गाडी घालू नका, खाली उतरून फोटो काढू नका. आपल्याला माहितीये वर डोंगरात पडतो आणि खाली कडक उन्हात पूर येतो. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत असेच 11 जण वाहून गेले, पाऊस कित्येक मैल लांब पडला होता. हा कॅन्यन नवाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या गाईडशिवाय आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. नवाहो नेशन म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्ही जिल्हे मिळून होतात त्याच्या दुपटीपेक्षा मोठा मुलूख, त्यांचं स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि उन्हाळ्यात घड्याळ सांभाळा, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही पण नवाहो नेशन करतं, तासाच्या फरकाने बुकिंग हुकतं.

कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणावर गेलात तर भिंत सगळेच बघतात, तुम्ही समोरच्या खडकावरचा पांढरा पट्टा बघा. गिरणा धरण आटलं की काठावर जशी खूण राहते तशी, फक्त कित्येक मजले उंच. 1922 ला सात राज्यांनी कोलोरॅडो नदीचं पाणी कागदावर वाटून घेतलं, पण हिशोब चांगल्या पावसाच्या वर्षांचा धरला, त्यामुळे नदीत नाही तेवढं पाणी वाटलं गेलं. आता नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. पश्चिमेत बहुतेक ठिकाणी कायदा असा की ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधी, दुष्काळ पडला तर पहिल्याला पूर्ण आणि शेवटच्याला शून्य.

याला वेगळी रीत बघायची असेल तर न्यू मेक्सिकोत रिओ ग्रँडच्या काठाने उत्तरेला जा. ही नदी आपल्या तापीसारखीच खचदरीतून वाहते. चिमायो, ताओस या बाजूला असेकिया नावाचे मातीचे पाट आहेत, स्पॅनिश लोकांच्या काळापासूनचे. शब्द मूळ अरबी, गझलेतला साकी ज्या धातूतून आला त्यातलाच. पाटावरचे सगळे हिस्सेदार मिळून एक मायोर्दोमो निवडतात, तो पाळ्या लावतो, आणि पाणी कमी पडलं तर सगळ्यांनी थोडं थोडं कमी घ्यायचं. मी ऐकलं आणि अंगावर काटाच आला. आमचं वावर पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायच्या शेतांच्या गटात, तिथेही हीच रीत. हवालदार, पाटकरी, जागल्या ही फडाचं पाणी आणि पीक सांभाळणारी माणसं माझ्या आजोबांच्या तोंडी रोज असायची, एका फडात एकच पीक आणि पाणी पाळीने.

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरला गेलात तर दुकानांबाहेर जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजत असतात, खाली गॅसचा जाळ, पिंप गरागरा फिरतं, आणि वास असा की डोळे मिटले तर भरीताची तयारी चाललीये असं वाटावं. तिथे थांबा, मिरची घ्या आणि बोलायला सुरुवात पाण्यावरून करा. यंदा बर्फ कसा पडला, पाटाला पाणी कधीपर्यंत आहे, एवढं विचारलं की माणूस खुर्ची देतो. मला असाच एक सत्तरीचा म्हातारा भेटला, पूर्वी मायोर्दोमो होता. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पोरगी मधे सांगत होती. मी मोबाईलवर आमच्या बंधाऱ्याचा फोटो दाखवला तर तो बराच वेळ झूम करून सांडव्याकडे बघत बसला आणि मग विचारलं, गाळ कोण काढतं? म्हटलं, पूर्वी घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा. तो म्हणाला, आमच्याकडे अजून जातो, मार्चमध्ये ये.