काम झालं की पीसी आपोआप बंद, पण नीट बंद कसा करायचा

रेंडर, बॅकअप, मोठं डाउनलोड असलं काही चालवणाऱ्या ॲपमध्ये 'काम झालं की पीसी बंद कर' हा चेकबॉक्स लोकांना हवाच असतो, आणि तो द्यायला कोडची एक ओळ पुरते म्हणून बरेच जण ती ओळ टाकून मोकळे होतात. पण त्याच मशीनवर दुसऱ्या कुठल्या तरी विंडोत कुणाचं तरी सेव्ह न केलेलं काम उघडं असतं, त्याची काळजी आपणच घ्यायची.

आधी आपलं घर आवरा. काम खरंच यशस्वी झालं का ते बघा, बफरमधला डेटा डिस्कवर उतरवा, फाइल्स आणि डेटाबेस बंद करा. मग ६० सेकंदांचं काउंटडाउन आणि मोठ्ठं 'रद्द करा' बटण दाखवा.

आता विंडोज. शटडाऊन कमांडला /एस दिलं की मशीन बंद होतं आणि /टी ने किती सेकंदांनी ते ठरतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण /टी ला शून्याच्या वरचा आकडा दिला की /एफ न सांगता लागू होतं, म्हणजे बाकीचे प्रोग्राम काही न विचारता बंद केले जातात. /टी दिलंच नाही तरी डिफॉल्ट ३० सेकंद असतात, त्यामुळे तिथेही तेच. म्हणून काउंटडाउन आपल्या ॲपमध्येच ठेवा आणि शेवटी स्पष्टपणे /टी 0 द्या. कुणाची फाइल सेव्ह करायची राहिली असेल तर विंडोज तिथे थांबेल आणि पीसी सकाळपर्यंत चालू राहील, राहू दे, काम गेलेलं परवडत नाही.

कमांडऐवजी थेट एक्झिटविंडोजईएक्स (पीसी बंद करणारं विंडोजचं फंक्शन) वापरणार असाल तर आधी शटडाऊनचं प्रिव्हिलेज, म्हणजे तशी परवानगी, चालू करावं लागतं, आणि ते चालू करणारं फंक्शन प्रिव्हिलेज मिळालं नाही तरी 'यशस्वी' म्हणून परत येतं, तेव्हा गेटलास्टएररमध्ये (शेवटचा एरर कोड सांगणारं फंक्शन) १३००, म्हणजे प्रिव्हिलेज मिळालं नाही, हा कोड आलाय का ते तपासाच. आणि तुमचंच ॲप बंद होताना 'नक्की बाहेर पडायचं?' असं विचारत असेल तर तेच शटडाऊन अडवून बसेल, तो डायलॉग यावेळी गाळा.

लिनक्सवर सिस्टमसीटीएल पॉवरऑफ ही कमांड पुरे, समोर बसलेल्या युजरला बहुतेक वेळा रूट (ॲडमिनचे हक्क) लागत नाही, दुसरं कुणी लॉगिन असेल तर पासवर्ड मागू शकतं. रीबूट सिस्टम कॉल (कर्नलला थेट दिलेला बंद किंवा रीस्टार्टचा आदेश) थेट मारू नका, तो डिस्कवर न उतरलेला डेटा स्वतःहून लिहीत नाही.

टेस्ट व्हर्च्युअल मशीनमध्येच (पीसीच्या आत चालणारा नकली पीसी) करा, आणि पेंटमध्ये चार रेघा मारून सेव्ह न करता उघडं ठेवून करा, विंडोजने विचारलं तर तुमचा कोड बरोबर आहे.