मृत्युपत्रात कलासंस्थेला देणगी ठेवताय? या चुका टाळा

आमच्या संगीतसंस्थेच्या दारात एका दुपारी टेम्पो येऊन थांबला. आत दोन तानपुरे, एक हार्मोनियम आणि स्पूल टेपांची सात खोकी. आमच्या बैठकांना वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी हे सगळं मृत्युपत्रात ‘संगीत मंडळाला’ ठेवलं होतं. त्यांना जाऊन तोवर दीड वर्ष होत आलं होतं. गावात ‘संगीत मंडळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्था दोन आणि कागदावर नाव तेवढंच. त्यांच्या भाच्यानं दोन्हीकडे हेलपाटे घातले, दुसऱ्या संस्थेनं आपला हक्क नाही असं लेखी दिलं, तेव्हा कुठे सामान हललं. एका तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला होता. दोन खोकी उघडली तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुन्या ॲसिटेटच्या टेपा खराब होऊ लागल्या की असा वास सुटतो.

मी तेव्हा खजिनदार होतो. आजींना नक्की काय हवं होतं, हे आम्ही त्यांना पाच मिनिटांत विचारू शकलो असतो. त्या दर आठवड्याला यायच्या. तेव्हापासून कुणी ‘मृत्युपत्रात संस्थेसाठी काहीतरी ठेवायचंय’ म्हणालं की मी आधी त्यांना बसवून घेतो आणि कागदावर काय लिहिणार ते विचारतो. पुढे लिहिलेलं सगळं भारतातल्या कायद्याला आणि महाराष्ट्रातल्या संस्थांना धरून आहे.

बोलण्यातलं नाव कागदावर उतरवणं

संस्थेला आपण ज्या नावानं हाक मारतो आणि तिची नोंदणी ज्या नावानं असते, त्यांत बरेचदा फरक असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि प्रत्येक संस्थेला नोंदणी क्रमांक मिळतो. मृत्युपत्रात पूर्ण नोंदणीकृत नाव, हा क्रमांक आणि पत्ता लिहा. क्रमांक संस्थेच्या पावतीवर किंवा लेटरहेडवर सापडतो. नावात चूक झाली तरी हेतू स्पष्ट असेल तर देणगी रद्द होत नाही, हे कायद्यात आहे. पण हेतू स्पष्ट होता हे दाखवायचं काम मागे राहिलेल्यांवर येतं.

अनेक हौशी नाट्यसंस्थांची मात्र नोंदणीच नसते. नाव मोठं, नाटकं उत्तम आणि पैसे कुणा एका सभासदाच्या खात्यात. अशा वेळी आपण संस्थेला ठेवतोय की त्या सभासदाला, हाच प्रश्न पडतो. आधी त्यांना नोंदणी करायला सांगा, नाहीतर त्याच कामाला वाहिलेली नोंदणीकृत संस्था निवडा. एक ओळ कायम असू द्या: ही संस्था त्या वेळी अस्तित्वात नसेल किंवा तिनं देणगी नाकारली, तर ती अमुक संस्थेला जावी.

सही आहे, साक्षीदार नाहीत

ही चूक किती महाग पडते याचं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. सर ह्यू लेन हे चित्रांचे मोठे जाणकार आणि व्यापारी, आयर्लंडमधल्या डब्लिनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक. डब्लिन महापालिकेशी बिनसल्यावर त्यांनी १९१३ च्या मृत्युपत्रात ३९ चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीला ठेवली. पुढे मन बदललं. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यांनी तीच चित्रं डब्लिनला द्यावीत अशी पुरवणी लिहिली, सही केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. साक्षीदार घेतले नाहीत. ७ मे १९१५ रोजी लुसिटानिया जहाज बुडालं, त्यात ते गेले. पुरवणी सापडली, त्यांचंच अक्षर होतं, मनात काय होतं याबद्दल फारशी शंकाही नव्हती. तरी कायद्यानं ती चालली नाही. फ्रेंच चित्रकार रेनॉआरचं प्रसिद्ध ‘द अम्ब्रेलाज’ त्याच चित्रांतलं. वाद दोन देशांमध्ये चालला आणि १९५९ मध्ये चित्रं आळीपाळीनं दोन्हीकडे ठेवण्याचा समझोता झाला. दोन सह्यांसाठी ४४ वर्षं.

आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझीच सही’ असं त्यानं त्यांना स्वतः सांगितलेलं असावं. साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही करायची. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, पण एकत्र बसून केलेलं कधीही बरं. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करून घ्यायला सांगतो. पुढे खरेखोटेपणाचा वाद निघाला तर तिचा उपयोग होतो.

साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान असावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी एकाला बोलवावं लागू शकतं. संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव घेऊ नका. नातेवाइकांच्या मनात संशय यायला तेवढंही पुरतं. आणि नंतर पेनानं खाडाखोड करू नका. बदल करायचा तर पुरवणी करा, पुन्हा दोन साक्षीदार घेऊन. बदल जास्त असतील तर मृत्युपत्रच नवं करा.

न विचारता वस्तू ठेवणं

आजींच्या टेपांकडे परत येतो. त्या वाजवायला चालू स्थितीतलं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. डिजिटल रूप द्यायचं तर माणूस आणि पैसा लागतो, तोही नव्हता. खोक्यांवर पेन्सिलीनं फक्त तारखा होत्या. गाणारं कोण, साथीला कोण, काही नाही. आजींना ते तोंडपाठ असणार. त्या असताना एका दुपारी वही घेऊन बसलो असतो तर आज अर्ध्या टेपा निनावी राहिल्या नसत्या. याची मला अजून टोचणी आहे.

म्हणून वाद्यं, चित्रं, पोशाख, ग्रंथसंग्रह, ध्वनिमुद्रणं असं काहीही ठेवायचं असेल तर आधी संस्थेच्या लोकांना घरी बोलवा. वस्तू दाखवा. ‘तुम्हाला हे ठेवता येईल का’ असं थेट विचारा आणि नाही म्हणाले तर राग मानू नका. प्रामाणिकपणे नाही म्हणणारी संस्था ही चांगली संस्था असते. हो म्हणाले तर यादी करा, प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, तिची हकिगत चार ओळींत लिहा. जमल्यास वस्तूसोबत तिच्या निगेसाठी थोडी रक्कमही ठेवा. आणि जे हयातीत देता येईल ते हयातीतच देऊन टाका. माणसाला ते नव्या हातात वाजताना ऐकता येतं.

वस्तू नंतर विकली किंवा कुणाला दिली, तर मृत्युपत्रातली ती ओळ निकामी होते. त्या बदल्यात संस्थेला काही मिळत नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा चित्र असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली त्याची नोंदणी लागते का हे आत्ताच पाहून ठेवा.

फ्लॅट ठेवणाऱ्यांना वाटतं, संस्था तो विकेल आणि तालमीची जागा घेईल. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६ प्रमाणे. त्यात वेळ जातो आणि तोवर सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी संस्थेच्या डोक्यावर. छोट्या संस्थेला हे झेपत नाही. एक्झिक्युटरनं, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला आपण नेमलेल्या माणसानं, फ्लॅट विकून पैसे संस्थेला द्यावेत, असं लिहिलं तर काम सोपं होतं. आणि फ्लॅट पती-पत्नीच्या नावावर असेल तर आपण फक्त आपला हिस्सा ठेवू शकतो, हेही लक्षात असू द्या.

हस्तलिखित दिलं, हक्कांचं काय?

लेखक, संगीतकार, चित्रकार असाल तर हा भाग तुमच्यासाठी. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो कागदापेक्षा, कॅनव्हासपेक्षा वेगळा असतो. छापून आलेल्या नाटकाची वही संस्थेला दिली म्हणून प्रयोगाची परवानगी देण्याचा हक्क तिला मिळत नाही. तो वारसांकडे जातो. अप्रकाशित हस्तलिखिताबाबत मात्र कायदा उलट धरतो: वेगळं काही लिहिलं नसेल, तर मृत्युपत्रानं दिलेल्या अप्रकाशित हस्तलिखिताबरोबर तुमच्याकडे असलेला कॉपीराइटही जातो. म्हणजे दोन्हीकडे घोटाळ्याला वाव. वस्तू कुणाला, हक्क कुणाला, मानधन कुणाला, हे तीन वाक्यांत स्वतंत्र लिहा.

आकडा आणि नॉमिनी

आज ठरवलेली ठरावीक रक्कम वीस वर्षांनी किरकोळ वाटू शकते. उलटही होतं: शेवटचं आजारपण लांबलं, शिल्लक आटली आणि देणगीचा आकडा तसाच राहिला, तर घरच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून हिस्सा लिहिणं मला जास्त पटतं. मसुदा साधारण असा: ‘माझी सर्व देणी व खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेपैकी दहा टक्के हिस्सा (संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या संस्थेस, तिच्या कोणत्याही कलाविषयक कामासाठी द्यावा.’

मुदत ठेव संस्थेला ठेवली आणि बँकेत नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव असेल, तर बँक पैसे पुतण्याला देईल. कायद्यानं तो फक्त सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. पण त्याच्याकडून पैसे संस्थेकडे यायचे तर त्याला ही गोष्ट आधीपासून माहीत हवी.

फार घट्ट अट

‘दरवर्षी माझ्या वडिलांच्या पुण्यतिथीला याच सभागृहात ध्रुपद गायनाचा कार्यक्रम व्हावा.’ भावना समजते. पण सभागृह पाडलं गेलं तर? व्याजात मानधन निघेना झालं तर? अट पाळता येत नाही म्हणून पैसे बँकेत तसेच पडून राहतात. ‘शक्यतो’ हा शब्द घाला आणि न जमल्यास विश्वस्तांनी त्याला जवळचं काम निवडावं असं लिहा.

घरच्यांना न सांगणं

ब्रिटिश चित्रकार टर्नर १८५१ मध्ये गेले. गरजू कलावंतांसाठी निवारा उभारावा, अशी त्यांची इच्छा होती. नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं. १८५६ मध्ये तडजोड झाली, चित्रं राष्ट्राला मिळाली, निवारा मात्र कधीच झाला नाही. मुलांना, भावंडांना आपल्या तोंडून सांगा की मी एवढा हिस्सा या संस्थेला ठेवतोय आणि का. वयस्कर किंवा आजारी असताना मृत्युपत्र करत असाल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा.

कुणाला किती ठेवता येतं हे वैयक्तिक कायद्यावरही अवलंबून असतं. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तीनं धर्मादाय देणगी ठेवण्यावर जी जुनी बंधनं होती, ती सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये रद्द केली. अजूनही कुणी ती सांगत असेल तर वकिलाकडून खात्री करून घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी मृत्युपत्र करण्याआधी संस्थेला परदेशी निधी घेण्याची परवानगी आहे का, हे विचारावं.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका. लॉकर उघडायलाच कागदपत्रं मागतात आणि कागद आत असतो. एक्झिक्युटरला जागा सांगा, एक झेरॉक्स द्या. आणि संस्थेच्या सचिवांना एक छोटं पत्र लिहा, एक्झिक्युटरचं नाव आणि फोन नंबर घालून. आमच्याकडे अशा पत्रांची आता एक वेगळी फाइल आहे आणि नवा सचिव आला की चार्ज घेताना ती त्याच्या हातात दिली जाते.