आरोग्य केंद्राचा हिशेब ग्रामसभेने कसा तपासावा

गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपये, साध्या उपकेंद्राला २०,०००, आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५०,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला १ लाख ७५ हजार. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अबंधित निधीच्या, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या आणि समितीने गरजेप्रमाणे वापरायच्या पैशाच्या, या कमाल मर्यादा. आधीच्या वर्षी खर्च कमी झाला असेल तर हातात याहून कमी पडते. पगार, लसी, मोठी औषधखरेदी आणि इमारतीचे बांधकाम यांचे पैसे वेगळ्या लेखाशीर्षांतून येतात. गावाला ज्यावर खरोखर बोट ठेवता येते तो पैसा हा अबंधित निधीच. रक्कम लहान वाटते, पण इन्व्हर्टरची बॅटरी, पाण्याची टाकी, बाळंतिणीच्या खोलीचे दार, रात्रीचा दिवा हे सगळे त्यातूनच व्हायचे असते.

तपासणी एप्रिल-मे महिन्यांत सुरू करावी. तोवर मागच्या वर्षाचे हिशेब बंद झालेले असतात आणि नव्या वर्षाचा आराखडा अजून ओला असतो. सातपुड्यात मात्र हे वेळापत्रक चालत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातली बरीच घरे दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात. त्या काळात घेतलेल्या बैठकीत सह्या पुऱ्या होतात, माणसे नसतात. तिथे एक बैठक दिवाळीआधी आणि दुसरी होळीसाठी लोक गावी येतात तेव्हा ठेवावी. मराठीत वाचलेला हिशेब पाड्यावर कुणाच्या पदरात पडत नाही, म्हणून आशाताईंनी तो पावरीत किंवा भिलीत सांगायचा असे आधीच ठरवून टाकावे.

आधी पैसा कुठून कसा येतो ते समजून घ्या. अभियानाचा खर्च केंद्र सरकार ६० आणि राज्य सरकार ४० टक्के उचलते. हा पैसा राज्याच्या आरोग्य सोसायटीकडून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि आरोग्य केंद्राला मिळतो. २०२१ नंतर बहुतेक खाती शून्य शिलकीची झाली. खालच्या कार्यालयाला रोख रक्कम येत नाही, खर्चाची मर्यादा येते आणि बिलाची रक्कम थेट वरच्या खात्यातून वळती होते. त्यामुळे पासबुकात शून्य दिसले म्हणून ‘पैसे खाल्ले’ असा ओरडा करू नका. विचारायचे ते एवढेच: मर्यादा किती मिळाली, कोणत्या तारखेला मिळाली, ३१ मार्चला किती वापराविना राहिली. बहुतेक केंद्रांचे खरे दुखणे या तिसऱ्या आकड्यात सापडते. मर्यादा उशिरा येते, बैठक होत नाही आणि मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे दिसेल ते घेतले जाते. चोरीपेक्षा ही घाईच गावाला जास्त महागात पडते.

आता कागद. एका खरेदीमागे सहा कागद असतात आणि त्यांच्या तारखा याच क्रमाने पुढे जायला हव्यात: रुग्ण कल्याण समितीचा (केंद्राचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव, तीन दरपत्रके, पुरवठ्याचा आदेश, बिल, नोंदवहीतली नोंद, पैसे चुकते केल्याचा कागद. ठराव बिलानंतरचा निघाला तर ती ‘कार्योत्तर मंजुरी’. पावसाळ्यात छप्पर गळाले, लसींचा फ्रीज बंद पडला, अशा वेळी ती समजण्यासारखी असते. दरवर्षी सगळ्याच खरेद्या अशा असतील तर समिती फक्त सहीपुरती उरली आहे. तिन्ही दरपत्रकांतले हस्ताक्षर, छपाई आणि चुकासुद्धा सारख्या असतील तर तिन्ही एकाच दुकानातून आली आहेत.

टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतात. नोंदवही हातात घेऊन खोलीखोलीत फिरा. कूलर, वजनकाटा, खुर्च्या, स्टॅबिलायझर: वस्तूवर रंगाने क्रमांक टाकलेला असावा आणि तो नोंदीशी जुळावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलर दर दोन-तीन वर्षांनी घेतलेला दिसेल. त्यात गैर काही नाही. जुन्या कूलरचे काय झाले, निर्लेखनाचा (वस्तू निकामी म्हणून नोंदवहीतून काढल्याचा) कागद आहे का, हे मात्र विचारा.

संपणाऱ्या वस्तू जास्त निसरड्या. फिनेल, हातमोजे, झाडू, छपाई, झेरॉक्स वर्षाअखेर डोळ्यांना दाखवता येत नाहीत. इथे साधे गणित करावे. सहा खाटांच्या केंद्रात दिवसातून दोनदा लादी पुसायला प्रत्येक वेळी ५० मिली फिनेल धरा. दिवसाला १०० मिली, वर्षाला साधारण ३६ लिटर. संडास-बाथरूमसाठी तेवढेच आणखी धरले तरी ७५ लिटरच्या आत बसते. बिल २०० लिटरचे असेल तर कुणाला चोर म्हणायची गरज नाही. साठा नोंदवहीतली रोजची वाटप-नोंद दाखवा, एवढेच म्हणा.

कागद तोंडी मागून मिळाले तर उत्तम. वैद्यकीय अधिकारी हे रुग्ण कल्याण समितीचे सदस्य सचिव असतात. त्यांना आठ दिवस आधी लेखी पत्र द्यावे, ओपीडीच्या वेळेत जाऊ नये. रांगेत ताप आलेली लेकरे उभी असताना हिशेब मागणाऱ्याला गावाचीही साथ मिळत नाही. पत्राने भागले नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. जोडपत्र ‘अ’ भरून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. मजकूर साधारण असा:

‘विषय: प्रा. आ. केंद्राच्या अबंधित निधीचा खर्च. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. १. मिळालेली खर्चमर्यादा, तारखेसह. २. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते व उपस्थितीच्या सह्या. ३. खर्चाच्या व्हाउचरांच्या व दरपत्रकांच्या प्रती. ४. याच काळातील जडवस्तू व साठा नोंदवहीची पाने. ५. उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत.’

‘खर्च का केला?’, ‘जबाबदार कोण?’ असे प्रश्न अर्जात घालू नका. कायदा आहे ती नोंद द्यायला लावतो, खुलासा लिहायला लावत नाही. ‘मागील दहा वर्षांची संपूर्ण माहिती’ मागितली की प्रतींचे शुल्क पानामागे २ रुपयांप्रमाणे हजारात जाते आणि अर्ज तिथेच झोपतो. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. पोहोच आणि टपालाची पावती जपून ठेवा, नाहीतर मुदत मोजता येत नाही.

एक गोष्ट कागदाशिवायही लगेच तपासता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. म्हणून प्राथमिक केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात केसपेपरचे पैसे घेतले तर पावती मागा. पावती मिळाली तर तक्रारीला पुरावा, नाही मिळाली तर पैसे देऊ नका. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या विभागाकडे आहेत. तिथली फी या निर्णयावर तोलू नका.

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रातल्या गावांचा हात अधिक बळकट आहे. नंदुरबारचे अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा, नवापूर हे तालुके, शिवाय शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावे यात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार (या क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) योजनांवर केलेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामी लागल्याचा दाखला, ग्रामपंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावे लागते. ग्रामपंचायतीने अंगणवाडी, पाणी, आरोग्य यांवर पैसा घातला असेल तर हिशेब वाचल्याशिवाय ते देऊ नका. ‘सर्वांनुमते मंजूर’ एवढ्या शब्दांवर विषय मिटू देऊ नका. व्हाउचर क्रमांक आणि रक्कम इतिवृत्तात लिहून घ्या, आणि इतिवृत्त सभा उठण्याआधी मोठ्याने वाचायला सांगा. रुग्ण कल्याण समितीचा खर्च मात्र या प्रमाणपत्रात थेट येत नाही. तो समितीतल्या आपल्या सदस्याकडून मागवून ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो.

नंदुरबारला हे काम नवे नाही. २००७ मध्ये लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्य सेवेवर लोकांनीच ठेवायची नजर, महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत हा जिल्हा होता. तेव्हाची लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची (लाल म्हणजे वाईट, हिरवा म्हणजे चांगला) प्रगतिपत्रके आजही कामी येतात. दहाच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ: रात्री नर्स मुक्कामी असते का, लसींच्या फ्रीजच्या तापमानाची नोंद रोज होते का आणि ती २ ते ८ अंशांत आहे का, बाळंतिणीला जेवण मिळाले का, १०२ ची रुग्णवाहिका आली का. उत्तर गावातल्या बाळंत झालेल्या बायांकडून घ्या, कर्मचाऱ्यांकडून नको. लाल रंगाच्या प्रत्येक ओळीपुढे तो दोष अबंधित निधीतून सुटणारा आहे की वरून सुटणारा, ते लिहा. बॅटरी, दार, दिवा हे पहिल्या रकान्यात. रिक्त पद, औषधांचा तुटवडा, नादुरुस्त गाडी दुसऱ्यात. पहिला रकाना समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव म्हणून मांडायचा. दुसरा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्राने पाठवायचा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. दोन्ही रकाने एकाच अर्जात कोंबले की केंद्राचे डॉक्टर ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणून सगळाच अर्ज बाजूला सारतात, आणि अर्ध्या बाबतीत त्यांचे खरेही असते.