पैसे गेले? आता निदान या चुका टाळा

सोमवारी सकाळी शाखेचं शटर वर जातं तेव्हा पायरीवर वरचेवर कुणीतरी पासबुक छातीशी धरून उभं असतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे शनिवारी रात्रीच गेलेले असतात आणि अख्खा रविवार "बँक उघडली की बघू" यात संपलेला असतो.

फसू नये म्हणून काय करावं, यावर पुष्कळ लिहून झालंय. मी काउंटरच्या आत बसतो, त्यामुळे मला जास्त दिसतात त्या फसल्यानंतरच्या चुका. चोर नेतो ते एकदाच. पुढचं नुकसान बऱ्याचदा आपण आपल्या हाताने करून घेतो.

गेल्या लग्नसराईत एक काकू आल्या. भाच्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके'. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणजे ॲप. (भाच्याचा फोन आदल्या दिवशी असाच गेला होता आणि त्याच्या नावाने पत्रिका गावभर वाटली जात होती.) काकूंनी फाइल दाबली, फोनने विचारलेल्या सगळ्या परवानग्यांना हो म्हटलं. पत्रिका काही उघडली नाही. रात्री साडेनऊला खात्यातून ४८,००० गेले, पाठोपाठ १४,०००. "ओटीपी मी कुण्णाला सांगितला नाही हो," त्या शपथेवर सांगत होत्या. खरंच होतं ते. मेसेज वाचायची परवानगी त्या ॲपलाच दिलेली होती, सांगायची गरजच उरली नव्हती.

खरा घोळ त्यानंतर झाला. घाबरून त्यांनी गूगलवर बँकेचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं शोधलं आणि सगळ्यात वर दिसला त्या नंबरवर फोन लावला. समोरचा फार अदबीने बोलला. स्क्रीन शेअर करणारं एक ॲप घ्यायला लावलं, "रिफंड येतोय, फक्त पिन टाका" म्हणाला. आणखी ९,००० गेले. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा. आणि यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार, मग समोरचा त्याला काहीही नाव देवो.

मुलगा घरी आला. त्याने काय केलं, तर आईचा फोन फॉरमॅट मारला. हेतू चांगला, पण ती फाइल, भामट्याचा नंबर, बँकेचे मेसेज, सगळं पुसलं गेलं. आधी फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. ॲपचा बाहेरच्याशी संबंध तिथेच तुटतो. मग दुसऱ्या फोनने त्या मेसेजचे, नंबरचे, व्यवहारांचे सरळ फोटो काढा. फोन आणि बँक हे सगळं त्या दुसऱ्याच फोनवरून करा. फॉरमॅट तक्रारीनंतर. फोन परत सुरू केलात की ##००२# डायल करा, कुणी तुमचे कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर ते सगळे रद्द होतात.

आता सोमवारची वाट बघण्याबद्दल. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो, रविवारीही. तिथे तक्रार नोंदली की ती ऑनलाइन थेट त्या बँकेकडे जाते जिथे पैसे उतरले. खात्यात रक्कम शिल्लक असेल तर रोखून धरतात, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवतात. भामटे मात्र बसून नसतात. एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार ठिकाणी, मग एटीएममधून रोख. तुम्ही चहा ठेवून शेजाऱ्यांना हकिगत सांगेपर्यंत दोन उड्या झालेल्या असतात. फोन लागला नाही तर लावत राहा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

फोन लावताना हाताशी काय हवं: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर. यूपीआयचा तो बारा आकडी असतो आणि ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. तीन व्यवहार झाले असतील तर तीन क्रमांक. लोक एकच सांगतात, मग बाकीच्या पैशांचा माग कोण काढणार? फोन झाल्यावर जो तक्रार क्रमांक मिळतो, त्यावर पोर्टलवर उरलेला तपशील भरायचा असतो. अर्धवट तक्रारी इथेच पडून राहतात.

आणि आमच्याकडे या तेव्हा नुसतं तोंडी सांगून जाऊ नका. लेखी अर्ज द्या, पोचपावतीवर तारीख आणि वेळ घालून घ्या. कारकून कुरकुरला तरी. यामागे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या कुणामुळे पैसे गेले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. पिन-ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तर ती वेळ महत्त्वाची. 'मीच मूर्ख, कुठल्या तोंडाने सांगू' म्हणत दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचं नुकसान या ओळीतच होतं.

व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस 'डिजिटल अटक' झाली म्हणाला तर फोन ठेवा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. कायद्यात अशी अटकच नाही. आणि अनोळखी माणसाचे पैसे खात्यात आले, तो 'चुकून आले, परत पाठवा' म्हणत असेल तर आपण होऊन पाठवू नका, बँकेला लिहून द्या. चोरीची रक्कम असली तर तुमचं खातं गोठू शकतं.

काकूंचे शेवटचे ९,००० एका खात्यात अडकलेले सापडले. अशी रोखलेली रक्कम सुटायला तेव्हा बहुधा कोर्टाचा आदेश लागायचा, तो अर्ज त्यांनी केला. पंधराएक दिवसांनी त्यांना फोन आला: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे सगळे पैसे मिळालेत, साडेतीन हजार प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते, त्याला काय करणार. काकूंनी फोन कापला, नंबर पासबुकच्या मागे लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन मला दाखवला.

"ठेवला फोन. बरोबर केलं ना?"