ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन घरी देताय? या चुका टाळा

माझ्या मुलीला सातव्या वर्षी ग्रोथ हार्मोन, म्हणजे उंची वाढवणारं हार्मोन, सुरू झालं. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक पेन (औषध भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) वाया गेलं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, सकाळी पाहते तर आत बर्फाचे बारीक कण. वितळल्यावर औषध पाण्यासारखं नितळ दिसलं, म्हणून मी टोचायला निघाले होते. सिस्टरना फोन केला म्हणून वाचलो. हे औषध म्हणजे प्रथिन; एकदा गोठलं की बिघडतं, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. 2 ते 8 अंश, मधला कप्पा, भिंतीपासून दूर. दारातही नको, तिथलं तापमान सारखं बदलतं. गावी जाताना बर्फाच्या पॅकला पेन थेट चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल गुंडाळा. पेन जोरात हलवूही नका.

टोचल्यावर सुई लगेच बाहेर ओढू नका, थेंब गळतो. आम्ही दोघी मोठ्याने दहा आकडे मोजायचो. सुई दर वेळी नवी घ्या आणि जागा बदलत राहा: मांडी, पोट, दंड. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ येते किंवा खड्डा पडतो. एखादी रात्र चुकली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट डोस देऊ नका.

डोस वजनावर ठरतो. मूल वाढतं, डोस मात्र वर्षभर तोच, असं बऱ्याच घरांत होतं. दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायलाच हवं. घरी उंची मोजताना अनवाणी, टाचा भिंतीला लावून आणि ठरलेल्या वेळी मोजा. संध्याकाळपर्यंत उंची थोडी कमी भरते.

काही चुका इंजेक्शन सुरू होण्याआधीच होतात. हे हार्मोन लाटांसारखं येतं, बरंचसं गाढ झोपेत. त्यामुळे दिवसा कधीही रक्त देऊन आलेला आकडा काहीच सांगत नाही. हे हार्मोन स्रवायला लावणारं क्लोनिडिन किंवा ग्लुकागॉन हे औषध देऊन ठरावीक अंतराने रक्त घेतात, तीच खरी तपासणी. थायरॉइड, हाडांचं वय कळायला डाव्या हाताचा एक्स-रे आणि मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमची (मुलींची उंची खुंटवणारा जन्मजात गुणसूत्रांचा दोष) तपासणीही टाळू नका. हाडांची टोकं जुळून गेल्यावर हे औषध उंची वाढवत नाही.

जुन्या बातम्या वाचून औषध मध्येच थांबवू नका. पूर्वी हे हार्मोन मृतदेहांच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून काढत. त्यातून काही जणांना क्रॉइट्झफेल्ड-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि 1985 मध्ये अमेरिका व ब्रिटनने ते बंद केलं. आजचं औषध जनुकीय तंत्राने बनतं, त्यात हा धोका नाही.

उरलेलं पेन जिममधल्या ओळखीच्या मुलाला तर अजिबात देऊ नका. हे चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि खेळाडूंसाठी ते ‘वाडा’ (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहे.

मूल लंगडायला लागलं, मांडी-गुडघा दुखतो म्हणालं, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसू नका. खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं. सतत डोकं दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं यांतलं काही दिसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.