नंबरवाला घडीचा चाकू : नंबरचे जास्तीचे पैसे किती मोजायचे?

०३७/५०० (म्हणजे ५०० नगांच्या आवृत्तीतला ३७ वा) असं कोरलेला घडीचा चाकू विकायला निघाला की विकणारा आधी नंबरच पुढे करतो. घेणाऱ्याने मात्र तो शेवटी बघावा. नंबरमुळे पोलाद बदलत नाही की धार वाढत नाही. एकाच आवृत्तीतले, सारख्याच स्थितीतले दोन चाकू समोर असतील तर त्यातला महाग कोणता, एवढंच नंबर ठरवतो. एमएच २७ च्या गाडीला ०००९ मिळाला म्हणून जुनं इंजिन काही नवं होत नाही.

चाकूवरचा आकडा खरंच संग्रहाचा क्रमांक आहे का, हे आधी तपासा. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूवरचा ८ हा आकार आहे. १८९७ पासून या कंपनीने १ ते १२ अशा मापांची मालिका काढली, आणि ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं. असे चाकू लाखोंनी बनतात. बक या अमेरिकी कंपनीचा ११० हा मॉडेलचा नंबर. केस (Case) या अमेरिकी कंपनीच्या ६२५४ मध्ये पहिला आकडा मुठीचं साहित्य सांगतो, दुसरा पात्यांची संख्या, आणि ५४ म्हणजे नमुना. त्याच कंपनीच्या शिक्क्याखालचे ठिपके हे बनल्याचं वर्ष आहे: १९७० ला दहा, मग दरवर्षी एक कमी, १९७९ ला एकच. हे वाचता आलं तर वयाचा अंदाज फुकटात येतो, पण ‘दुर्मिळ नंबर’ म्हणून त्याचे पैसे कोणी मागत असेल तर हात जोडा.

दुसरा प्रकार नुसत्या सिरियल नंबरचा. ‘क्रमांक ४१८२’ लिहिलंय, पण एकूण किती ते कुठेच नाही. अशी मोजणी पुढे चालूच राहू शकते, तेव्हा त्याला मर्यादित आवृत्ती म्हणू नये. तिसरा प्रकार वर्षाचा. व्हिक्टोरिनॉक्सच्या दरवर्षी नव्या रंगात येणाऱ्या अ‍ॅलॉक्स (अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीच्या) चाकवांवर वर्ष कोरलेलं असतं, नगाचा क्रमांक नसतो. ते जमवायला छान, पण त्यात ‘लकी नंबर’ शोधण्याजोगं काही नाही. दमास्कस (थरांच्या, लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या पोलादाच्या) पात्याच्या मर्यादित आवृत्त्यांना मात्र हीच कंपनी प्रत्येक नगाला क्रमांक आणि प्रमाणपत्र देते.

खरा क्रमांक सापडला की तिरप्या रेघेनंतरचा आकडा आधी वाचा. ५० पैकी ३१ वा चाकू ५,००० पैकी ८ व्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त मोलाचा ठरतो. त्यातही एक मेख असते. एकच चाकू लाल, हिरव्या, काळ्या मुठीत प्रत्येकी १०० काढला तर प्रत्येकावर ‘/१००’ दिसतं, पण बाजारात चाकू ३०० असतात. म्हणून त्याच मॉडेलचे इतर रंग आणि खास एखाद्या दुकानासाठी काढलेल्या आवृत्त्याही मोजा. नमुन्यासाठी बनवलेले आणि क्रमांकाबाहेर ठेवलेले नग वेगळेच.

मग येतो नंबरचा भाव. मागणी असते ती १ ला, शेवटच्या क्रमांकाला, एक आकडी नंबरांना, १११ किंवा १०० सारख्यांना, आणि आवृत्ती मोठी असेल तर जन्मवर्षाला. पहिला नंबर बनवणाऱ्याकडेच राहण्याची चाल आहे, म्हणून तो बाजारात क्वचित येतो. १ नंबरचा चाकू आधी बनला म्हणून जास्त चांगला, असं समजू नका. नंबर कोणत्या क्रमाने टाकले याचा घडणीशी संबंध नसतो. ७८६ च्या नोटेला आपल्याकडे जादा पैसे मिळतात, १०८ ला आणि १०१ लाही घरचा ग्राहक मिळेल. पण तोच चाकू जर्मनीतल्या संग्राहकाला दाखवला तर त्याला ७८६ आणि ७८५ सारखेच. नंबरची किंमत घेणाऱ्याच्या डोक्यात असते, म्हणून आपण पुढे कोणाला विकणार ते ठरवूनच जादा पैसे मोजा. सलग वर्षांच्या मालिकेत सगळीकडे एकच नंबर, उदाहरणार्थ पाचही चाकवांवर २१४, असा संच मात्र कुठेही जास्त जातो. तो फोडून विकू नये.

नंबर खरा आहे का, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. सराफाकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग पुरे. चाकू उघडून खिडकीपाशी तिरपा धरा. ठोकून मारलेल्या आकड्यात धातू दबून कडेला बारीक उंचवटा येतो, तो नखाला लागतो. लेझरच्या आकड्याचा तळ बहुधा काळपट आणि बारीक रेघांचा दिसतो. आम्लाने कोरलेला आकडा उथळ असतो, तळ सगळीकडे सारखा मंद. एका आवृत्तीत पद्धत सहसा बदलत नाही, म्हणून त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या नगाचा जवळून काढलेला फोटो मिळवा आणि आकड्याची जागा, उंची, शून्याचा आकार, पुढची शून्यं (०१२ की १२) ताडून पाहा.

जुना आकडा घासून नवा टाकला असेल तर तेवढी जागा किंचित खोलगट होते. चकचकीत पात्यावर खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब पाडा आणि चाकू हळूहळू फिरवा. आकड्यापाशी गजाची सरळ रेघ वाकली तर तिथे घासकाम झालंय. मंद पॉलिशच्या पात्यावर प्रतिबिंब दिसणार नाही; तिथे बारीक ओरखड्यांची दिशा बघा. ती आकड्याभोवतीच बदललेली असेल तर व्यवहार सोडा.

आकडा कोणत्या भागावर आहे तेही महत्त्वाचं. पात्यावर किंवा मुठीच्या आतल्या पट्टीवर असेल तर उत्तम. खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा स्क्रूने बसवलेल्या वरच्या पट्टीवर असेल तर तो भाग दुसऱ्या चाकवावर चढवता येतो. डबा, प्रमाणपत्र आणि चाकू, तिन्हींवर एकच आकडा हवा. दुरुस्तीला पाठवताना क्रमांकाचा भाग बदलू नये असं लेखी कळवा, नाहीतर नवं पातं बिननंबरचं येईल.

भाव काढायची रीत अशी. विकायला लावलेल्या नव्हे, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या चार-पाच नगांच्या किमती जमवा; आवृत्ती तीच, स्थिती तीच, नंबर मधलेच. समजा त्या ९,००० ते १०,००० रुपयांत आल्या, तर पाया ९,५०० धरा. डबा किंवा प्रमाणपत्र नसेल तर आधी ते वजा करा. धार काढलेली असेल तर आणखी वजा. मगच नंबरचं बघा: ०३७ सारख्या साध्या नंबरला शून्य, आकर्षक नंबरला दहा टक्क्यांच्या आत. त्यापुढे फक्त १ नंबरसाठी किंवा जुळणाऱ्या संचासाठी जावं. परदेशातून मागवत असाल तर टपाल आणि कस्टम ड्यूटी वेगळी धरा, पण ती पुढच्या ग्राहकाकडून वसूल होईल असं गृहीत धरू नका.

एवढं करून घेतलेला चाकू आपल्याकडच्या हवेत दोन पावसाळ्यांत मातीमोल होऊ शकतो. कार्बन पोलादाचं दमास्कस आणि साधं कार्बन पोलाद जून ते सप्टेंबरात लवकर गंजतं, आणि आकड्याच्या खाचेत गंज बसला की तो घासून काढताना आकडाही फिका होतो. हाताचा घाम पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. घरात आहे म्हणून जवसाचं तेल लावू नका. ते वाळून चिकट थर होतो आणि घडी अडकते. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. जुन्या सेल्युलॉइड मुठीचा चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवा. ती मूठ कुजताना निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते, आणि उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत हे आणखी वेगाने होतं. प्रमाणपत्राला कसर आणि वाळवी लागते. ते लोखंडी कपाटात, भिंतीपासून सुटं, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुडी पावसाळ्यात बदलत राहा.

आणि असला चाकू कामाला काढू नका. शेंदूरजना घाटच्या संत्रा नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायला साधा कलमचाकू असतो, तोच बरा. संत्र्याच्या आम्लाने कार्बन पातं बघता बघता काळं पडतं, आणि धारवाल्याच्या चाकावर एकदा गेलेलं पातं कोऱ्या भावात परत येत नाही.

विकताना फ्लॅश बंद ठेवून, बाजूच्या उजेडात, चाकू आणि डबा एकाच फोटोत घ्या. पूर्ण नंबर आणि प्रमाणपत्राचा स्पष्ट फोटो सगळ्यांना पाठवू नका, खोटं प्रमाणपत्र छापायला तेवढंच लागतं. कुरिअरवाला चाकू घेतो का, हे बुकिंगआधी विचारा, आणि पार्सलमध्ये काय आहे ते खरं लिहा. शस्त्र नियम २०१६ मधली ९ इंच लांब किंवा २ इंच रुंद पात्याची मर्यादा खिशातले चाकू सहसा गाठत नाहीत. तरी जत्रेत किंवा एसटीत खिशात घालून हिंडू नका. घेणाऱ्याला दाखवायचा असेल तर डब्यात, पावतीसकट न्या.