गावाचा वारसा दिवस कसा भरवावा

आधी तारीख ठरवा, आणि ती जत्रेला धरून ठरवा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन पत्रिकेवर शोभतो, पण त्या दिवशी मुंबई-पुण्याची मंडळी गावात नसतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी असतात, आणि रिकामीही असतात. जागेसाठी जिल्हा परिषदेची शाळा मागा. समिती पाच-सहा जणांची पुरे, मात्र घराघरांत आतपर्यंत ज्यांचं येणं-जाणं आहे अशा दोन बायका त्यात हव्यातच.

तीन महिने हातात ठेवून प्रदर्शनासाठी घरोघरच्या जुन्या वस्तू गोळा करायला लागा. पहिल्याच दिवशी एक जाड वही करा. क्रमांक, वस्तू, कोणाची, कुठे चीर-टवका आहे, घेतल्याची सही, परत दिल्याची सही. ही वही नसेल तर वस्तू मागायला जाऊच नका. घरांतले जुने फोटो शक्यतो मालकाच्याच ओट्यावर, सावलीत, मोबाइलने टिपून घ्या आणि प्रदर्शनात प्रत लावा. मूळ फोटोला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. माणसांची नावं फोटोच्या मागे पेनाने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. वाड्यातल्या तलवारीपाशीच थांबू नका. कुंभाराचं चाक, चांभाराची आरी, सुताराचा रंधा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले लग्नाचे फोटो, हे सगळं आलं तरच तो गावाचा दिवस.

ट्रंकेत मोडी लिपीतले जुने कागद निघतातच. वाचणारा माणूस जवळपास नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करा. १९१० साली ते स्थापन करणारे वि. का. राजवाडे असेच गावोगाव फिरून लोकांच्या घरची दप्तरं गोळा करत. आता सावधगिरीचं सांगतो. कागद आधी त्या घरच्यांनाच वाचून दाखवा आणि त्यांनी होकार दिला तरच भिंतीवर लावा. आमच्याकडे हौसेने टांगलेला एक कागद जमिनीच्या वाटणीचा निघाला. चहा यायच्या आत दोन चुलत घरं एकमेकांवर धावून गेली.

जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर आजींना खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हणू नका. दोन ओळींतच त्या अडतात. जातं मांडा, मूठभर ज्वारी घाला, खुंट्याला हात लागू द्या. घरघर सुरू झाली की ओवी आपोआप येते. पंखा बंद ठेवा आणि मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे जात्याचा हादरा बसत नाही.

गावफेरी दीड तासाची ठेवा: वेस, चावडी, बारव, मारुतीचं देऊळ आणि देवळामागचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्र-सूर्य. दुपारच्या उन्हात हे सगळं सपाट दिसतं, म्हणून सकाळी आठच्या सुमारास तिरप्या उन्हात लोकांना तिथे न्या. शेजारी कोपरातून दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. आणि कृपा करून साफसफाईच्या नावाखाली रंग देऊ नका. पहिल्या वर्षी आम्हीच वीरगळाला ऑइलपेंट फासला होता. अप्सरांचे चेहरे त्या थराखाली बुजले ते बुजलेच. मऊ झाडूने धूळ काढा, तेवढंच.

फेरीत कोणी नांगराला लागलेली नाणी दाखवली तर त्यांची वाटणी होऊ देऊ नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

मुख्य दिवशी पाहुण्यांची भाषणं दहा मिनिटांत आटपा. बाकी वेळ वस्तूंपाशी त्यांच्या मालकांनाच उभं करा. सांगायला त्यांच्याइतकं कोणाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही काखोटीला मारून घरोघर जा. वस्तू हातात द्या, टवके मोजून दाखवा, परतीची सही घ्या. ‘राहू द्या शाळेतच’ असं कोणी म्हणालं, तर कुलपाचं कपाट आणि त्याच्या किल्लीला जबाबदार माणूस असल्याशिवाय हो म्हणू नका.